मिठाची गाडी

किराणा धंद्याची नाडी वडूजमध्ये माझ्याइतकी कुणालाच कळत नाही, असं मी परवापर्यंत सांगत होतो. आता कुणी विचारलं तर विषय बदलतो.

आमच्या पेठेत तीन दुकानं. माझं, समोर धैर्यशीलचं आणि कोपऱ्यावर धोंडुबाईंचं. सांगलीहून तिघांनी मिळून एकाच गाडीत माल आणू, ही कल्पना धैर्यशीलची. मला ती तेवढ्यासाठीच आवडली नव्हती. पण आमची बायको संयोगिता ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "भावजींचं डोकं लय चालतं." मी भाकरीबरोबर तेही गिळलं आणि तयार झालो.

मोबाईलवर ग्रुप झाला. ज्याला जे हवं ते त्यात टाकायचं. दिवाळीच्या तोंडावर धैर्यशीलनं टाकलं, खडेमीठ दहा पोती.

दहा? ह्याच्या दुकानात आधीच गिऱ्हाईक मावत नाही आणि माझ्याकडं माशाही सावलीपुरत्या येतात. नक्कीच मीठ महागणार असल्याची आतली खबर त्याला लागली होती. पण त्याला विचारायचं म्हणजे कमीपणा. मी वीस टाकली.

लगेच धोंडुबाई पायरीशी हजर. "नानासो, मिठाचं काय हाय रं?"

"काय न्हाई काकू."

"मग घाम का फुटलाय तुला?"

घरी जाऊन त्यांनी तीस टाकली. ते बघून मी चाळीस केली. सांगलीच्या व्यापाऱ्याचा मला फोन आला, "वडूजात मीठ मिळंना व्हय?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "तसंच समजा." त्या भल्या माणसानं बाकीचा माल मागं ठेवून आधी मीठच भरलं.

गाडी आली तेव्हा रवा, मैदा, साखरेसाठी बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. ताडपत्री निघाली. शेजारच्या बयाबाईंनी आत डोकावून विचारलं, "आवं नानासो, करंजीत काय भरू, मीठ?"

धैर्यशील गाडीभोवती फिरून माझ्यापाशी आला. "एवढं कुणासाठी मागवलंस?"

"तू कुणासाठी मागवलंस?"

"धुळा धनगरासाठी. मेंढरं घेऊन कोकणात निघालाय, त्यांना चाटायला लागतं. इचारलं असतंस तर सांगितलं असतं की गड्या."

मग त्यानंच टेम्पो पाठवून साताऱ्याहून रवा-मैदा आणला, तिन्ही दुकानांत सारखा वाटला. धुळाकडून निरोप धाडून धनगरांच्या आणखी चार तळांवर माझं आणि धोंडुबाईंचं मीठ खपवलं. संयोगितानं त्याच्या घरी पहिल्या करंज्या पाठवल्या. मला दुसऱ्या घाण्यातल्या मिळाल्या.

काल ग्रुपवर त्यानं गुळाच्या दहा ढेपा टाकल्या. या वेळी मी शहाण्यासारखा सरळ फोन केला. "कुणासाठी रं?"

"पाव्हण्यांच्यात बारसं हाय."

पण खरं सांगतोय कशावरून? मी बारा टाकल्या.