बहात्तर किलोंचा पहारा

आमच्या शेजारचे रंगनाथ भाऊजी भाकरी खाण्याआधी ती एका लोखंडी कड्यातून पार करून बघतात. भाकरी कड्यातून अलगद खाली उतरली तर पास. अडली तर रिजेक्ट. रिजेक्ट भाकरीच्या कडा सुरीनं कापल्या जातात, त्या चिमण्यांना मिळतात आणि भाकरी पुन्हा तपासणीला उभी राहते.

हे कडं त्यांनी मुद्दाम लेथवर कातून घेतलंय. वाळूजच्या एका कारखान्यात भाऊजींनी एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. तयार माल कड्यातून घालून बघायचा आणि जो अडेल तो बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपली, हात थांबले नाहीत. कारखान्यातल्या मालाच्या जागी ज्वारीची भाकरी आली, एवढाच फरक.

त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या कमलबाईनं यावर तोड काढली होती. भाकरी कड्यातून जाईल एवढीच लहान केली, पण जाडी बोटभर ठेवली. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी जाडी मोजायचं वेगळं माप आणलं. कमलबाई तावातावानं माझ्याकडे आली. "आक्का, ह्या मानसाला भाकरी नगं. ताटात नटबोल्ट वाढा."

भाऊजींचं वजन बहात्तर किलो. दोन वर्षांपूर्वी ते अठ्ठ्याण्णव होतं. त्यांच्या पत्नी सरूवहिनी गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मनीषा बंगळूरहून आली होती, आणि परत जाताना तिनं वडिलांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "आई गेली. आता तुम्ही तरी राहा. डॉक्टर म्हणालेत बहात्तर, तर बहात्तर." भाऊजींनी शब्द दिला आणि चौदा महिन्यांत पाळला.

ते चौदा महिने आमच्या सिडकोतल्या गल्लीत नुसता उत्सव होता. मनीषाचा रोज सकाळी फोन यायचा, "बाबा, किती?" मग भाऊजी फाटकात येऊन आकडा जाहीर करायचे. दूध घ्यायला निघालेली माणसं थांबायची. "भाऊ, आज नव्वदच्या आत?" "व्हय, एकोणनव्वद आठशे." ज्या दिवशी काटा बहात्तरवर आला, त्या दिवशी गल्लीनं त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ आणि एक किलो पेढे. पेढे द्यायची कल्पना आमच्या ह्यांची.

वजन उतरवण्याबद्दल मला कुणी शिकवू नये. मी आयुष्यात सहा वेळा वजन उतरवलं आणि सात वेळा चढवलं. अठ्ठावीस वर्षांची असताना दिराच्या लग्नात पैठणीवरचं जुनं ब्लाउज अंगात जावं म्हणून मी वीस दिवस ताकावर काढले. त्या काळात मी घरात सगळ्यांशी अशी वागले की सासूबाईंनी देवाला नवस बोलला, हिला एकदाचं जेवू दे. ब्लाउज अंगात गेलं. मला वाटलं, जिंकले. मग पंगतीला बसले आणि तिसऱ्या वेळी जिलेबी आली तेव्हा पाठीवरचे दोन हूक एकामागोमाग उडाले. उरलेलं लग्न मी भिंतीला पाठ लावून साजरं केलं. फोटोत मी किती शालीन दिसते म्हणून अजून लोक कौतुक करतात.

तेव्हा मला कळलं नव्हतं ते भाऊजींना पहिल्याच आठवड्यात कळलं. उतरवायचं काम संपतं. टिकवायचं काम कधीच संपत नाही.

तेव्हापासून हा माणूस बसलेला मी पाहिला नाही. "बसलं की चढतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहा उभ्यानं, पेपर चालत. आमच्याकडे आले की बोलता बोलता दारापासून मोरीपर्यंत येरझारा घालतात, आणि त्यांच्याकडे बघून बघून माझी मान दुखते. वजनाला दोन्हीकडे पाचशे ग्रॅमची सूट आहे. त्याला ते टॉलरन्स म्हणतात. घरच्या काट्यावर त्यांचा पूर्ण विश्वास नाही, म्हणून महिन्यातून एकदा शहागंजात धान्याच्या दुकानी जाऊन ज्वारीच्या पोत्यांच्या रांगेत उभे राहतात आणि स्वतःला तोलून घेतात. दुकानदार त्यांना उतरवल्याशिवाय पुढचं पोतं ठेवू शकत नाही. तो हात जोडून उभा असतो.

कारखान्यातले त्यांचे दोस्त सलीमभाई. त्यांच्या मुलीच्या लग्नात भाऊजी नान आणि मटणाचा रस्सा, म्हणजे नान-खलिया, उभ्यानं खात होते. सलीमभाई खुर्ची घेऊन मागे मागे फिरत होते. "रंगनाथभाई, बैठो तो सही." भाऊजी म्हणाले, "बैठा तो चढता." आणि जेवून तिथून सिडकोपर्यंत पायी आले, दुपारच्या उन्हात.

एवढं करून पदरात काय, तर बहात्तर. सत्कारानंतरच्या आठवड्यात ते फाटकात उभे राहून म्हणाले, "बहात्तर." दूध घेऊन चाललेले कुलकर्णी थांबले. "मागच्या आठवड्यात पण बहात्तरच होतं ना?" आणि गेले. त्यानंतर हळूहळू कुणी थांबेना. आकडाच हलत नव्हता, तर विचारायचं काय? मीही विचारत नव्हते. खोटं कशाला बोलू.

मग तीन आठवड्यांपूर्वी मनीषाचा मला फोन आला. आवाज रडवेला.

"काकू, बाबा चोरून खातायत का?"

"का गं?"

"ते दर सोमवारी काट्याचा फोटो पाठवतात. आधी त्र्याहत्तर आलं. मग साडेत्र्याहत्तर. आज चौऱ्याहत्तर. डॉक्टरांनी बजावलंय, आता वाढलं तर हृदयाला झेपायचं नाही. मी रोज फोन करते, रोज विचारते, ते म्हणतात काही खात नाही. काकू, मला इथं काम सुचत नाही. तुम्ही एकदा समोर उभं राहून बघाल?"

पोळ्याला भिंतीवरून चार पुरणपोळ्या मीच दिल्या होत्या. वर तुपाची वाटी. चार पुरणपोळ्यांनी दोन किलो चढत नाहीत हे मला माहीत आहे, पण आपल्या हातून एखाद्याचं हृदय बंद पडू नये.

पुढच्या सोमवारी सकाळी सातला मी त्यांच्या घरी जाऊन उभी राहिले. "मनीषानं पाठवलंय, फोनवर रडत होती. चढा काट्यावर."

भाऊजी एकदम गडबडले. आधी म्हणाले काट्याचा सेल गेलाय. मग म्हणाले अजून तोंड धुतलं नाही. मी जागची हलले नाही. शेवटी ते चढले. चौऱ्याहत्तर.

आता मी चार पोरं आणि नऊ नातवंडं वाढवलेली बाई आहे. कुणी काही लपवत असेल तर मला चेहऱ्याआधी खिसा दिसतो. भाऊजींच्या लेंग्याचे दोन्ही खिसे गुडघ्याकडे ओढले गेले होते.

"भाऊजी, खिसे."

त्यांनी काट्यावर उभ्या उभ्याच खिशांत हात घालून दोन वजनं काढली. दुकानात असतात तसली लोखंडी, एकेक किलोची. एका खिशात एक, दुसऱ्यात एक. चोरी करतानाही दोन्ही बाजू समान. काटा बहात्तरवर आला.

"अहो, पण का?"

ते खाली उतरले. वजनं कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवली, सरळ ओळीत लावली, मग पुन्हा थोडी सरकवली. नळापर्यंत गेले, परत आले.

"वहिनी, बहात्तर पाठवलं की मोबाइलवर नुसता अंगठा येतो. चौऱ्याहत्तर पाठवलं की फोन येतो."

मी एक वजन उचलून पाहिलं, ते भाऊजींनी माझ्या हातून घेऊन परत ओळीत लावलं.

"ती बहात्तरला म्हणाली, बाबा, आता मी निश्चिंत झाले. झाली बिचारी. तिचा काय दोष? काम लई आहे तिला."

रागवायला तोंड उघडलं होतं, पण मला माझंच एकोणिसाव्या वर्षातलं ध्यान आठवलं. सोयगावहून लग्न होऊन या शहरात आले आणि महिनाभरातच वडिलांना पत्र टाकलं की मी इथं वाळून काटकी झालेय. माझे वडील तुपाचा डबा घेऊन एसटीनं आले. दारात उभी मी, डब्यापेक्षा गोल. सासूबाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही वाळलीय?" वडिलांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "लई वाळली." आणि दोन दिवस राहिले.

हे मी भाऊजींना सांगितलं. ते हसले, पण लगेच नळाकडे निघाले.

"तुमचे वडील मोठं माणूस. पण मी तपासनीस आहे, वहिनी. एकतीस वर्षांत एक खोटं रीडिंग लिहिलं नाय. आता तीन आठवड्यांत तीन. आणि पोरगी तिकडं रडतीय, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, नुसती रागावतीय."

"मग खरं सांगा तिला."

"सांगितलं की परत अंगठा."

ते आणखी चार फेऱ्या मारून आले. मग खिसे उलटे करून बाहेर काढले, काट्यावर चढले आणि मला फोटो काढायला लावला. काटा, बहात्तर, कट्ट्यावरची दोन वजनं, सगळं एकात दिसलं पाहिजे म्हणून मला तीनदा मागे सरकवलं. खाली स्वतः लिहिलं, "तिन्ही सोमवारचं रीडिंग चुकीचं. वजनं खिशात होती. काटा बरोबर आहे, माणूस चुकला." पाठवून टाकलं आणि मोबाइल कट्ट्यावर पालथा घातला.

मी घरी आले. आठ वाजले, नऊ वाजले. भिंतीपलीकडे चपलांचा आवाज चालूच होता, फाटक ते नळ, नळ ते फाटक. मध्येच थांबायचा, म्हणजे मोबाइल सुलटा करून बघत असणार. एकदा त्यांनीच भिंतीवरून सांगितलं, "बघितलंय तिनं. दोन निळ्या रेघा आल्यात." मी म्हटलं, "अंगठा?" ते म्हणाले, "अंगठापण नाय."

दहाच्या सुमाराला फोन वाजला. मी लगेच परडी घेऊन भिंतीकडेच्या जास्वंदीपाशी गेले. देवपूजा माझी सकाळीच झाली होती, पण देव समजून घेतो.

"हं... बोल ना... नाय गं, रडू नको... व्हय, चुकलंच माझं... बहात्तर. खरंच बहात्तर. वहिनी होत्या समोर."

मग बराच वेळ तीच बोलत असावी. चपला थांबल्या होत्या.

"एक भाकरी. मेथी. ताक... हं, मीठ घालून... नाय, कमलबाई अकरालाच जाती करून. दुपारी मीच घेतो वाढून... कोण असणार? मीच. तुझ्या आईचा पाट आहे तिथंच, तो काही उचलला नाय मी."

तिकडून ती बोलत असेल किंवा नसेल. भाऊजींचं अधूनमधून फक्त "हं" ऐकू यायचं. मग तेही येईना, पण फोन काही बंद झाला नाही.

मी परडीत पाहिलं. बोलणं ऐकता ऐकता जास्वंदीचं झाड मी पार रिकामं करून ठेवलं होतं, कळ्यांसकट.