भुताच्या घरची झाडलोट

"भुताचं घर? माझं घर भुताचं?" आर्डिस हाल्वर्सनने हातातला फडका टेबलावर आपटला.

सोफ्यावर बसलेला सिनेमावाला डेस्मंड कसंनुसं हसला. "तसं नाही हो, मिसेस हाल्वर्सन. पोरांनी आईबापांबरोबर बसून बघावा असा सिनेमा आहे. हॅलोविनला येणार. भूत आहे, पण गमतीचं."

"आख्ख्या गावात तुम्हाला माझंच घर बरं सापडलं! काय पाहिलंत एवढं त्यात?"

डेस्मंडची नजर जिन्यावरून वर गेली आणि झटकन खाली आली. "घराला एक... व्यक्तिमत्त्व आहे," तो म्हणाला.

आर्डिसच्या अंगाचा तिळपापड झाला. मिनेसोटातल्या त्या इवल्याशा गावात तिचं घर म्हणजे स्वच्छतेचा नमुना होता. तिची नणंद व्हर्ना दर रविवारी चर्च सुटलं की कॉफीला यायची आणि बसण्याआधी फळीवरून बोट फिरवून ते उजेडात धरून बघायची. इतक्या वर्षांत त्या बोटाला कधी काही लागलं नव्हतं. आर्डिसची आयुष्याची कमाई म्हणाल तर एवढीच. पण नवऱ्याने, ऑरव्हिलने, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात उभ्या उभ्या या लोकांना चित्रीकरणाला होकार देऊन टाकला होता. दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही.

"पाय पुसून आत यायचं," एवढं बजावून ती बाजूला झाली.

पहिल्याच दिवशी त्या लोकांनी पिचकारीने खोलीभर कोळ्याची नकली जाळी उडवली, टेबलांवर धूळ म्हणून मुलतानी मातीची पूड भुरभुरली आणि संध्याकाळी निघून गेले. आर्डिसला अंथरुणात चैन पडेना. उद्या सकाळी घरात एवढी माणसं येणार आणि घराची ही दशा? पहाटे उठून तिने सगळं लख्ख केलं. कॉफी ठेवली, भोपळ्याच्या वड्याही भाजल्या.

डेस्मंड आत आला आणि मटकन खुर्चीत बसला. "जाळी कुठंयत?"

"झाडली."

"अहो, ती आम्ही मुद्दाम लावली होती!"

"मुद्दाम?" आर्डिस कडाडली. "चुकून घाण करतं त्याला माफ करता येतं. मुद्दाम करणाऱ्याला काय म्हणायचं? आणि पाय पुसलेत का?"

त्यांनी पुन्हा जाळी लावली, 'हात लावू नये' अशा पाट्या टांगल्या. आर्डिसने पाट्यांना हात लावला नाही. भोवतीचं तेवढं पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तर जेवणाच्या सुट्टीतच तिने कपाट साफ केलं.

"मिसेस हाल्वर्सन," डेस्मंड रडकुंडीला आला होता, "सिनेमातला पोरगा दारातून आत येतो तेव्हा टेबलावर बोटभर धूळ आहे. आणि तोच पोरगा टेबलापाशी पोचतो तर टेबलात त्याचं तोंड दिसतंय!"

"मग चांगलंच आहे की!"

"ऑरव्हिल, तुम्ही तरी सांगा हो काही."

"हं," ऑरव्हिल म्हणाला आणि गॅरेजमध्ये निघून गेला.

सगळं पुन्हा चित्रित करायला सवड नव्हती. शेवटी डेस्मंडने हात टेकले आणि कथाच बदलली. भुताला आता स्वच्छतेचं वेड होतं. घरात कोणी खरकटं सांडलं की भूत खवळायचं.

"म्हणजे भूत ते मीच ना?" आर्डिस संतापून म्हणाली. "चित्रीकरण संपलं की चालतं व्हायचं. पुन्हा या उंबऱ्यात पाऊल टाकून तर बघा!"

ऑक्टोबरात सिनेमा लागला. गावच्या एकुलत्या एक थिएटरात तोबा गर्दी. दारातच डेस्मंड आडवा आला. "शहरात लोकांना फार आवडलाय. दुसरा भाग काढायचं चाललंय. घर मिळेल का?"

"तोंड बघा आधी आरशात," असं म्हणून आर्डिस नाक उडवत व्हर्नाच्या शेजारी जाऊन बसली. त्यांच्याच पुढच्या रांगेत डेस्मंड बसला.

अंधार झाला. पडद्यावर दार करकरलं, पोरगा भीत भीत आत आला आणि कुठूनसा घोगरा आवाज घुमला, "पाय पुसा!"

थिएटर हसून हसून कोसळलं. पोरं किंचाळत होती, आया डोळे पुसत होत्या, आणि सगळं गाव माना वळवून आर्डिसकडे बघत होतं.

"माझं वाक्य चोरलं मेल्यांनी," ती पुटपुटली. पण पडद्यावर तिचं कपाट, तिचं टेबल, तिचा जिना असा काही झळकत होता की तिचा ऊर भरून आला. व्हर्नासुद्धा मान उंच करून बघत होती.

शेवटचा प्रसंग आला. भूत दमून झोपी गेलं. कॅमेरा जिन्यावरून संथपणे वर, आणखी वर चढला. छताजवळच्या गोल खिडकीपाशी, शिडीशिवाय माणूस कधी पोचायचा नाही तिथे, तिन्हीसांजेच्या उजेडात एक जाळं चमकत होतं. चांगलं परातीएवढं. मधोमध एक लठ्ठ कोळी घरमालकासारखा बसला होता.

आर्डिसने डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. ती खिडकी पहिल्या दिवसापासून जशीच्या तशी होती. तिकडे कोणी पिचकारी नेलीच नव्हती. डेस्मंड पहिल्या भेटीत जिन्यावरून वर काय बघत होता ते तिला आत्ता कळलं.

शेजारी व्हर्नाचं बोट उठलं. थेट पडद्याकडे.

"काय हो," तिने पुढे वाकून डेस्मंडला मोठ्याने विचारलं, "ते जाळं कुणाचं?"

डेस्मंडने मागे वळून पाहिलं. आर्डिसच्या तोंडावर पडद्याचा उजेड पडला होता, आणि रागाचा मागमूसही नव्हता.

"आमचंच," तो म्हणाला. "आमचा माणूस दोन दिवस शिडीवर होता."

"तरीच!" व्हर्नाने बोट खाली घेतलं. "काय हात आहे हो त्याचा! अगदी खरं वाटतं."

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. आर्डिसने पुढे वाकून डेस्मंडच्या खांद्यावर हात ठेवला.

"दुसऱ्या भागाला माझंच घर घ्या," ती हळूच म्हणाली. "आणि हे बघा, पाय नाही पुसलेत तरी चालेल."