वाघमारेंचा दुसरा हात

भास्कर वाघमारे दारावरची बेल दोन हातांनी दाबतात. म्हणजे उजव्या हाताचं बोट बेलवर आणि डावा तळहात शेजारच्या भिंतीवर, तितक्याच जोराने. संत तुकाराम नगरमधल्या आमच्या मजल्यावर त्या भिंतीला पंजाचा असा ठसा उमटलाय, की नवखा पाहुणा आधी त्यालाच नमस्कार करतो आणि मग चप्पल काढतो.

चहाचा एवढासा ग्लासही ते दोन हातांनी धरतात. गेल्या मतदानाला यंत्रावर एका बोटाचं काम, पण यांनी दुसरा हात टेबलावर असा आपटला की केंद्राध्यक्ष उभे राहिले आणि पोलीस आत धावला. "दोन्ही हात दिसतायत ना साहेब? मग घाबरता कशाला?" वाघमारेंनी विचारलं.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी रोज चाकणला कामाला जायचो. एकदा मोशीत त्यांच्या नाकावर माशी बसली. यांनी हँडल सोडलं नाही. चाकणच्या चौकातला जाम एवढा, की तेवढ्यात एखाद्याचं लग्न ठरून बारसं व्हावं. तरी सोडलं नाही. मोशीला चढलेली माशी कंपनीच्या गेटवर उतरली, मी साक्षीदार आहे.

टीव्हीवर पुढारी हात हलवायला लागला की वाघमारे पडद्याजवळ जाऊन बघणार. "एक हलवतोय. दुसरा कुठाय?" मोठा उद्योगपती नव्या कारखान्याची फीत कापताना दिसला की पुन्हा तेच. "कात्री या हातात. दुसरा कुठाय?"

मी एकदा चिडून म्हणालो, "तुमच्या मते सगळेच चोर?"

"न्हाई हो राव. मालकाला घाई असते आणि सरकारला झोप. या दोघांच्या मधे आपली बोटं असतात, एवढंच."

बोटं हा शब्द ते उगाच वापरत नव्हते. आम्ही दोघंही प्रेस शॉपमध्ये, ठेकेदाराकडून. प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं धूड. त्याला दोन बटणं असतात, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जबडा खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बाहेर, सलामत. ज्याने ही युक्ती काढली तो देवमाणूस. पण त्याने आमचं टार्गेट पाहिलेलं नव्हतं.

म्हणून एका बटणात पाचर ठोकायची. लाकडाची, पुठ्ठ्याची, जे मिळेल त्याची. ते बटण कायमचं दाबलेलं राहतं. एक हात दुसऱ्या बटणावर, एक हात पत्रा सरकवायला. माल झरझर निघतो. सुपरवायझर साळुंखे साहेबांना पाचर दिसत नाही; त्यांची नजर वर्षातून एकदाच सुधारते, सरकारी तपासणीच्या दिवशी. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवायला घेतले की आम्ही ओळखायचो आणि सगळ्यांच्या पाचरी खिशात जायच्या. तपासणीचे साहेब येत, चहा पीत, पट्ट्यांची तारीफ करून जात.

वाघमारे मात्र तपासणी नसतानाही पाचरी काढत फिरायचे. स्वतःच्या प्रेसवर तर लावायचेच नाहीत. त्यांचा माल आमच्यापेक्षा निम्मा निघे. जेवणाच्या सुट्टीत ते माझीही पाचर उपटून नेत. मी नवी ठोकत असे. घरी दोन पोरं आहेत माझ्या, असं मी स्वतःला सांगायचो.

मागच्या महिन्यात मोठी ऑर्डर आली. साळुंखेंनी स्वतःच्या हाताने वाघमारेंच्या प्रेसला पाचर ठोकली. "काढलीत तर उद्या गेटवरच थांबा."

सगळं शॉप बघत होतं. वाघमारेंनी ती काढली, नीट पुसली आणि साळुंखेंच्या हातात दिली. "साहेब, तुमची वस्तू."

दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांचं कार्ड लागलं नाही. सिक्युरिटीवाल्याने ते परत मागितलं. वाघमारेंनी प्रसाद द्यावा तसं दोन हातांनी दिलं. मला म्हणाले, "जा राव, हजेरीचा पंच लागायची वेळ झाली." मी गेलो. माझ्या मागे एकही माणूस थांबला नाही, आणि मी तरी कुठे थांबलो?

रविवारी त्यांचा लॉकरमधला डबा द्यायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "ते राजगुरुनगरला. दर रविवारी जातात." पत्ता घेऊन मीही गेलो. का, ते सांगता येणार नाही. डबा काय, दारात ठेवून येता आला असता.

पत्र्याच्या खोलीत एक माणूस खाटेवर बसला होता. त्याचा डावा हात मनगटाशी संपत होता. समोर वाघमारे खाली बसून, त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन त्याची नखं कापत होते.

"हा दत्ता," वाघमारे मान वर न करता म्हणाले. "आधीच्या कंपनीतला. माझ्या शेजारच्या प्रेसवर होता. पाचर मीच घासून दिली होती त्याला. अशी चपखल बनवायचो, सगळं शॉप मागायचं. तिरका बसलेला पत्रा सरळ करायला यानं हात आत घातला, आणि सवयीनं दुसरा हात बटणावर."

नेलकटर वाजलं.

"आरडाओरडा ऐकला. साहेब धावत येताना दिसले, आणि राव, मी आधी काय केलं? पाचर काढून खिशात टाकली. कुणी सांगितलं न्हाई. साहेब आला की पाचर काढायची, हाताला सवय! मग याला धरला. अहवालात आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मशीन तर निर्दोषच सापडली ना."

मी दत्ताकडे पाहिलं. तो हसला. "मला दवाखान्यातच येऊन सांगितलं यांनी. आठ दिवस मी बोललो न्हाई. नवव्या दिवशी म्हटलं, या हाताची नखं वाढलीत. मला कापता येत न्हाईत. ते तेवढं करा."

त्याच्या बायकोने चहा आणला. दत्ताने सहज विचारलं, "तुमी पण प्रेसवरच का? पाचर लावता?"

मी आणलेला डबा पुढे सरकवला. ज्या माणसाची नोकरी चार दिवसांपूर्वी यावरूनच गेली होती, तो दत्ताच्या करंगळीचं नख निरखत म्हणाला, "न्हाई रे. हे दोन्ही हातांनी दाबतात."

"बरं करता," दत्ता म्हणाला.

मी चहाचा ग्लास उचलला. दोन्ही हातांनी.