कान बघणारे आप्पा

आप्पांना माणसं चेहऱ्याने नाही, कानाने लक्षात राहतात. रस्त्यात भेटले की आधी आपल्या कानाकडे निरखून बघतात, मग "कसं हाय?" विचारतात. ते कानालाच विचारलेलं असतं.

आप्पा म्हणजे न्हावऱ्यातले माझे शेजारी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण खोड काही निवृत्त झाली नाही. डेअरीत आपण किटली खाली ठेवायच्या आत धडा सुरू. "कान म्हंजी एकेरी रस्ता न्हाई! मेंदूकडनं कानाकडं बी मज्जातंतू येत्यात. आवाज वाढला की सांगत्यात, दमानं घे. त्यांच्या टोकाला न्यूरोपेप्टाइडं नावाची रसायनं असत्यात. मूळ निरोप म्हंजी वरण, आन् ही म्हंजी हिंग. चिमूटभर, पन चव बदलती!" तोवर आपलं दूध नासायला आलेलं असतं.

पाटसच्या एका लग्नात डीजेने छाती हादरवली, तेव्हा आप्पांनी मंगलाष्टकांच्या मध्येच माईक हिसकावला. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशी मेल्या तर पक्ष्यांत परत उगवतात, माणसांत नाही, हे वऱ्हाडाला खणखणीत सांगितलं. मध्ये दम घ्यायला थांबले, तर मांडवाला वाटलं, झालं लग्न. अक्षता पडल्या. जोडपं सुखात आहे.

मी पोट धरून हसायचो. पण आप्पांची खरी लढाई घरातच होती. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, जवळजवळ काहीच ऐकू येईना, आणि कानाचं मशीन लावायला त्या तयार नव्हत्या. "आता काय नवीन ऐकायचं ऱ्हायलंय?" आप्पा पुण्यात एम.एस्सी. करत होते, तेव्हा घरची पिठाची गिरणी काकूंनी एकटीने चालवली. दिवसभर कानाशी तो खडखडाट. आप्पा हे कुणालाच सांगत नाहीत. मला काकूंनी सांगितलं, तेही सहज, भाजी निवडता निवडता.

शेवटी, "तुमच्या समाधानापायी येते," म्हणत मागच्या महिन्यात त्या दौंडला कानाच्या दवाखान्यात जायला निघाल्या. गाडी मी काढली. मशीन बसवून झाल्यावर तिथली मुलगी आप्पांना म्हणाली, "सर, नेहमीच्या आवाजात काहीतरी बोला."

अख्ख्या तालुक्याला बोलून बेजार करणाऱ्या आप्पांनी दोनदा घसा खाकरला. मला फार वाईट वाटलं त्यांचं. मग काकूंकडे न बघताच म्हणाले, "तवा गिरणीवर मी उभं ऱ्हायला पायजे हुतं. चुकलं माझं."

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "आजून एकदा म्हणा."