उंबरठा-स्तंभनाचा यशस्वी अभ्यास

वैद्यकीय संशोधनातली खरी अडचण रोग ही नसते, रोगी ही असते. रोग बिचारा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वागतो. रोगी ऐन वेळी पाणी मागतो.

हालचालींच्या विकारांवर काम करणाऱ्या त्या संस्थेने हे सत्य फार लवकर ओळखलं होतं. तिथे सध्या 'उंबरठा-स्तंभना'चा अभ्यास चालू होता. कंपवाताचे काही रोगी मोकळ्या जागेत बरे चालतात, पण दार आलं की त्यांचे पाय जमिनीला खिळतात. (निरोगी माणसाचं हे कचेरीच्या दाराशी रोज होतं, पण त्याला शिस्त म्हणतात.) अभ्यासात घेतलेल्यांना नवे उपचार मिळणार होते. अटी दोनच. रोग्याचे पाय दारात थिजले पाहिजेत. आणि त्याने अकराच्या आत, कुणाचाही आधार न घेता, त्याच दारातून आत येऊन तसं सिद्ध केलं पाहिजे.

जे आत आले ते अर्थातच थिजत नव्हते, म्हणून अपात्र. जे थिजले ते बाहेरच राहिले, म्हणून गैरहजर. वर्षभरात एकही रोगी सापडला नाही. त्यावरून विकार शंभर टक्के आटोक्यात आल्याचा निष्कर्ष निघाला, आणि विभागप्रमुख असलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला. (वेगळं मत असलेले सदस्य लिफ्टमध्ये अडकले होते.)

अशा भरभराटीच्या काळात टेलरमास्तर तिथे आले. जन्मभर शिलाई मशीन चालवलेले त्यांचे पाय आता स्वतःच्याच दुकानाच्या दारात अडत. मुलगा दंडाला धरून त्यांना आत घ्यायचा, आणि गिऱ्हाइकं तेवढ्यापुरती कापडाचा रंग निरखायची. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं होई. आपल्या पायांनी आपल्या दुकानात शिरायचं, एवढ्यासाठी ते आले होते.

अभ्यासाच्या खोलीचं दार आलं आणि पाय थांबले.

"या ना मास्तर, आत या," सिस्टर म्हणाली.

"येतोच आहे."

"केव्हाचे येताय!"

मास्तरांच्या बायकोने हात पुढे केला. "हात लावू नका हं बाई, बाद होतील ते," सिस्टरने बजावलं.

बाई मागे सरल्या. समोरच्या भिंतीवर संस्थेचाच फलक होता. जमिनीवर आडव्या रेघा आखल्या, किंवा कुणी पुढ्यात पाऊल आडवं ठेवलं, तर अडलेला पाय ते ओलांडायच्या निमित्ताने उचलला जातो, असं त्यावर सचित्र लिहिलं होतं. खाली मोठ्या डॉक्टरांचा हसरा फोटो. जमिनीवर रेघ मात्र एकही नव्हती. (रेघांचा रंग ठरवण्याचं काम उपसमितीकडे होतं.)

"अहो, खडू आहे ना खिशात?"

मास्तरांच्या खिशात कापड आखायचा खडू नाही, असा दिवस अजून उगवायचा होता. बाईंनी गुडघे टेकून फरशीवर रेघा ओढल्या. मास्तरांनी एकेक रेघ ओलांडली आणि ते ताठ मानेने आत गेले.

"वा, छान चालता की!" मोठे डॉक्टर म्हणाले. "अपात्र."

"साहेब, बाहेर थिजलो होतो हो."

"बाहेरचं बाहेर. आमचा अभ्यास आतला."

"मग जरा बाहेर येऊन बघा ना," बाई दारातून म्हणाल्या.

मोठे डॉक्टर उठले, दारापर्यंत आले आणि थांबले. पलीकडचा व्हरांडा इमारत देखभाल विभागाच्या अखत्यारीत होता. पाय धडधाकट असूनही त्यांच्याच्याने तो उंबरठा ओलांडवला नाही.

बाईंना अपात्रतेचा शिक्का आणायला खालच्या मजल्यावर पिटाळण्यात आलं. तेवढ्यात देखभाल विभागाने नको तेवढी तत्परता दाखवून खडूच्या रेघा पुसून टाकल्या. मास्तर निघाले, आणि दारात आतल्या बाजूने थिजले. खोलीत, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत! वर्षातला पहिला पात्र रोगी! सिस्टरने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

"उद्या या," डॉक्टर हळहळले.

"उद्या कसा येऊ? आधी आज जाऊ तर द्या!"

व्हरांडा माणसांनी भरला होता. मास्तरांनी जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता. त्यांनी मान खाली घालून म्हटलं, "कुणीतरी एक पाऊल आडवं ठेवा हो. तेवढ्याने निघेन मी."

फलक सगळ्यांनी वाचला होता. एकाने मोबाइल काढला. एकीने "अरेरे" म्हटलं. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके धडधाकट पाय, पण एकही उचलला गेला नाही. शेवटी बायकोच धापा टाकत वर आली आणि तिने चपलेसकट पाऊल आडवं ठेवलं.

"चला. खड्ड्यात गेला यांचा शिक्का."

मास्तर ते ओलांडून घरी गेले. दुकानाच्या दारात आता खडूच्या रेघा असतात. गिऱ्हाइकांना ती सजावट वाटते, आणि मास्तर रोज आपल्या पायांनी आत जातात.

मोठे डॉक्टर मात्र व्हरांड्याकडे पाहून हरखून गेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रोगी नव्हते कुठे? पैशाला पासरी होते. 'निरोगी पायांचं स्तंभन' हा नवा अभ्यास ताबडतोब मंजूर झाला. त्याला दाराची अट नाही, वेळेची नाही. जिथे असाल तिथून, न हलता भाग घेता येतो.

वाचकहो, मास्तर पाऊल मागत होते तेव्हा आपणही त्याच व्हरांड्यात होतात, आणि पुढे काय होतं ते बघत होतात. आपलं नाव नोंदवून घेतलं आहे. त्यासाठी उठून येण्याची तसदी घेऊ नये. आपण उठणार नाही, हे गृहीत धरूनच निष्कर्ष आधी छापले आहेत.