बापूरावांची टिटवी

आमचे शेजारी बापूराव तहसिलीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. समोरचा माणूस तावातावाने फिर्याद सांगत असे आणि मध्येच बापूराव मान वर करून थेट टिटवीसारखे ओरडत. पिंपळगाव राजाहून आलेला एक शेतकरी तर चपला तिथेच टाकून पळाला.

"काऊन पळाला बे तो?" बापूरावांनी मला विचारलं. "मी तर सराव करून राह्यलो होतो."

सराव कशासाठी, ते मात्र सांगत नसत.

रोज सकाळी ते गावाबाहेरच्या तलावावर जात. कधी मीही जाई. तिथे दोन जाडजूड वकील पाठीला भोपळे बांधून पोहायला शिकत. त्यांनी पाय आपटले की बापूराव काठावरून हात जोडत, "वकीलसाहेब, जरा धीरे! पाणकोंबडी बुजते." मग तिचा आवाज तोंडात घोळवत घरी निघत. वाटेत कोणी रामराम केला तरी बोलत नसत. सूर विसरेल ना!

एकदा भाजीची वाटी परत द्यायला मी त्यांच्या दारात गेलो. देवीच्या आजारात त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, दृष्टी गेली, तेव्हापासून त्या उंबरठ्याबाहेर पडल्या नव्हत्या. आतून टिटवी, पाणकोंबडी, बगळे, सगळा तलाव ऐकू येत होता. मग धपाधपा आवाज झाला.

"हे कोणतं पाखरू?" काकूंनी विचारलं.

"हे वकील बुडून राह्यले."

काकू खळखळून हसल्या. मी वाटी घेऊन तसाच मागे फिरलो.

त्या थंडीत बापूरावांचा घसा बसला. शेजारचं घर मुकं झालं. मग एका सकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "मलेच घेऊन चाला."

भर रस्त्यात नवऱ्याने बायकोचा हात धरलेला आमच्या गावाने पाहिला नव्हता. दुकानदार फळ्या काढता काढता थांबले. ती शांतता काकूंना कळली असावी. त्या हात सोडवू लागल्या. बापूरावांनी तो आणखी घट्ट धरला. तेवढ्यात अत्तरवाले हुसेनभाई पायरी उतरून म्हणाले, "भाभी, पुढे खड्डा आहे, इकडून या." आणि बाजार पुन्हा बोलू लागला.

तलावाकाठी काकू दगडावर बसल्या. वकील पाण्यात गुपचूप उभे राहिले. डोक्यावरून टिटवी ओरडत गेली. काकूंनी चेहरा वर करून शेवटपर्यंत ऐकली.

"कशी वाटली?" बापूरावांनी बसक्या घशाने विचारलं.

"बरी आहे," काकू म्हणाल्या. "पण तुमच्यावानी नाही जमत तिले."