टोपाचा लोखंडी कान

रविवारी सकाळी वनिता टोप घासायला उचलू लागली, तर टोप जागेवरच राहिला आणि कान तेवढा तिच्या हातात आला.

टोप शेजारच्या जनाचा होता. स्टीलचा, दणदणीत, साठ माणसांचा भात सहज शिजेल असा. त्याचा एक कान स्टीलचाच होता आणि दुसरा लोखंडी, लोहाराने घडवलेला. तळहाताएवढी पट्टी आणि ती ठोकून बसवणाऱ्या चार रिबिटा. दोन दिवसांपूर्वी वनिताच्या मुलाच्या, स्वप्नीलच्या हळदीला तो चुलीवर चढला होता, आणि आता रिबिटा झिजून सुटल्या होत्या.

दुसऱ्या कुणाचा टोप असता तर वनिताने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण सांडपाण्याच्या गटारावरून जना आणि ती बारा वर्षं बोलत नव्हत्या. हळदीच्या आदल्या दिवशी जनाने कुंपणावरून हा टोप पुढे केला आणि म्हणाली, "भाताला लागंल तुला." बारा वर्षांनंतरचे तिचे पहिले शब्द हेच. आज संध्याकाळी टोप परत जायचा होता, कारण उद्या जनाकडे पूजा होती.

"आवो, खालापूरला भांडीवाल्याकडं जाऊन या. दोन रिबिटा मारून देईल," ती नवऱ्याला म्हणाली.

"रविवारी तो बंद. आन् घरात कारखाना असताना भायेर कशाला?" विलास म्हणाला.

कारखाना म्हणजे रिकामा गोठा. बैल विकल्यावर तिथे कोंबड्या होत्या, आणि विलास रसायनीच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर वेल्डिंगचं मशीन आलं. कंपनीत त्याने एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. वेल्डिंग करणाऱ्याला तो पाइप धरून देत असे. इतकी वर्षं बघतोय म्हणजे येतंच, असं त्याचं म्हणणं होतं. आतापर्यंत त्याने एक तुळशीचा कठडा आणि एक चपलांचा स्टँड केला होता, आणि स्टँड भिंतीला टेकवला तर उभाही राहत होता.

त्याने कान टोपाला लावला, काळी काच डोळ्यांवर घेतली आणि ठिणगी पाडली. जोड बसला. विलासने मिशीवरून हात फिरवला. टोप थंड होऊ लागला तसा आतून "टण्" असा आवाज आला आणि कान पायाशी पडला.

"करंट कमी पडला," विलास म्हणाला.

"अक्कल," वनिता म्हणाली.

त्याने करंट वाढवला. या खेपेला कान पडला नाही, पण रिबिटच्या जुन्या भोकाशेजारी चवलीएवढं नवीन भोक पडलं आणि त्यातून गोठ्याचं दार दिसू लागलं.

एवढ्यात कुंपणापलीकडून जनाचा आवाज आला. "विलासभाऊ, काय जोडताव सकाळपासून? तुमचं मशीन लागलं की माजा पंखा मान टाकतोय!"

"गेट, जनावैनी! गेट जोडतोय!"

"गेट तर मला हितून धडधाकट दिसतंय."

"बिजागरी... आतून गेली हाय!"

मग जनाला दिसावं म्हणून विलासला खरोखर गेट उतरवून आडवं ठेवावं लागलं. गेट नाही म्हणून वाटेवरची शेळी आत आली. तिने हळदीच्या मांडवाची उंबराची फांदी खाल्ली आणि मग नवऱ्या मुलाच्या नव्या धोतराकडे मोर्चा वळवला. धोतर वनिताने वाचवलं, पण एक सोगा शेळीकडेच राहिला.

"ह्ये समदं त्या कानापायी," ती धापा टाकत म्हणाली. "जना संध्याकाळी आली की काय सांगू? तुज्या टोपाची चाळण केली म्हनून? बाई परत बारा वर्सं तोंड फिरवंल. आता पुढची बारा माज्याकडं हायत का, ते तरी ठावं हाय का?"

विलास मोटारसायकल काढून हायवेवर किशोरच्या दुकानात गेला.

किशोर हार्डवेअरवाला, विलासहून वीस वर्षांनी लहान. त्याने विचारलं, "काका, कशाला काय जोडताय?"

"स्टीलला लोखंड."

"साध्या रॉडनं? मग तडकणारच. दोन जातींचं लगीन हाय ते. त्याचा रॉड येगळा येतो, थोडा महाग." त्याने चार रॉड काढून दिले. "करंट कमी ठेवा, थांबून थांबून मारा. आन् आदी जागा पांढरी होईस्तवर घासा. मळावर काय बी धरत नाय."

घासायचं काम अर्थातच वनिताकडे आलं. कानाच्या पट्टीखाली कितीतरी वर्षांची काजळी बसली होती. ती चुलीची राख आणि काथ्या घेऊन बसली. घासता घासता काळ्यातून ठिपके वर आले. पूर्वी भांड्यावर नावं अशीच ठिपक्याठिपक्यांनी घालत. एकेका घरात मोजकी स्टीलची भांडी असायची, आणि लग्नकार्यात ती गावभर फिरून नावानेच घरी परतायची.

तिने पदराने पुसलं आणि वाचलं.

सुंदरा धाकलू. भाऊ पोशाकडून.

वनिताचा हात थांबला. सुंदरा म्हणजे तिची सासू, विलासची आई. पोशामामाने खोपोलीहून टोप डोक्यावर आणला होता, ही गोष्ट म्हातारीने हजारदा सांगितली होती. कुणाच्या तरी लग्नात तो गेला आणि आलाच नाही. मग जन्मभर सुंदरा ज्या घरी जेवायला जाईल तिथली भांडी उलटी करून नावं वाचायची. वनिताला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आत्ये, लोक काय म्हनतील?" असं म्हणत ती तिचा हात ओढून काढायची. टोप होताच कधी, असंही एकदा म्हणाली होती. आणि शेजारच्या चिंधीने, जनाच्या सासूने, नावावर लोखंडी कान ठोकून तो कुंपणापलीकडेच ठेवला होता.

विलासने वाकून वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आयचा टोप! चाळीस वर्सं! आत्ता जातो आन्..."

"कुठं जाता? चिंधी गेली, आत्ये गेल्या. जाब कुनाला विचारनार, पंख्याला?"

"पन आपला हाय तो!"

"हाय." वनिता बराच वेळ त्या ठिपक्यांवर बोट फिरवत राहिली. "आत्ये, व्हता वो तुमचा टोप," असं पुटपुटली. मग तिने कान उचलून नवऱ्याच्या हातात दिला. "लावा. व्हता तितंच लावा."

"नाव झाकंल."

"झाकू दे. भोक पन झाकंल."

विलासने कमी करंटवर, थांबून थांबून, चारही रॉड संपवले. जोड थंड झाला. दोघं कान टवकारून बसली. "टण्" काही वाजलं नाही. कानाभोवती निळ्या-जांभळ्या रंगाचं एक कडं तेवढं उमटलं.

संध्याकाळी जना आली. तिने टोप फिरवून बघितला. लोखंडी कानावर अंगठा टेकवला आणि तिथेच ठेवला.

"तर ह्ये तुमचं गेट," ती म्हणाली.

वनिताने पदराला हात पुसले. "निसटला व्हता गं. पक्का केलाय आता."

"म्हंजे निघाला व्हता." जना अंगठ्याकडेच बघत होती. "खाली काय दिसलं का तुला?"

"काय दिसनार? काजळी व्हती. घासली."

जनाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बऱ्यापैकी वेळ पाहिलं. मग पदर खोचला.

"उद्या पूजा झाली की टोप हितंच आनून ठेवते," ती म्हणाली. "तुज्याकडंच राहू दे. माजं वय झालं गं, येवढं वजन आता उचलवत नाय मला."

एवढं बोलून तिने लोखंडी कानाला एका हाताने धरून टोप उचलला, एका झटक्यात डोक्यावर घेतला आणि हात सोडून, ताठ मानेने, चालत निघून गेली.